अकरा मिनिटं कोरी

३ मार्च
दादाचं अक्षर! नऊ वर्षांनी!
कुरियरच्या खोक्यावर. आत ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, फ्लाइट रेकॉर्डर – वाट, उंची, वेळ नोंदवणारी काळी डबी. सोबत चिठ्ठी – "आतली बॅटरी बदलणे." बस्स. कशी आहेस वगैरे काही नाही. मी या वर्कशॉपमध्ये आहे हे त्याला माहीत तरी आहे का?
मालकांनी विचारलं, "काय गं, भूत पाहिलंस?" (पाठीमागे आम्ही त्यांना फ्यूज म्हणतो. पटकन उडतात.)
म्हटलं, सोल्डरचा धूर गेला डोळ्यात. सोल्डरिंग आयर्न अजून थंडगार होतं.

४ मार्च
बॅटरी मोजली. ३.६ व्होल्ट हवेत, २.९ आहेत. ही संपली की घड्याळ गेलं, नोंदी खऱ्या असल्याचं सील गेलं, साठवलेलं सगळं गेलं. म्हणून जुनी काढण्याआधी बाजूने दुसरी जोडायची. डबीला क्षणभरही उपाशी ठेवायचं नाही.
काम तासाभराचं. आज केलं नाही. असू दे माझ्या टेबलावर आणखी थोडी.

५ मार्च
आधी उड्डाणं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, असा नियम आहे. वाचायची असा नाही. वाचली!
एकेचाळीस उड्डाणं. पायलटच्या रकान्यात नुसतं आडनाव – आमचंच. टेकड्यांच्या कडेकडेने गेलेली रेघ, आणि घिरट्या सगळ्या डावीकडे, ही त्याची जुनी सवय. दादाच! एकदा तर इतका खाली आला की माझा जीव टांगणीला – नोव्हेंबरातल्या उड्डाणासाठी, मार्चमध्ये बसून! सुखरूप उतरला तेव्हा मी मोठ्यांदा "हुश्श" म्हटलं. फ्यूजनी चष्म्यावरून पाहिलं.
लहानपणी मला मागच्या सीटवर बसवायचा.
"घाबरलीस?"
"छे!"
"मग माझा खांदा सोड."

६ मार्च
अजून टेबलावरच आहे. फ्यूज म्हणाले, "अंडी उबवतेयस का?"

७ मार्च
आज लिहूनच टाकते. इथे तरी.
नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी दादाने एका उड्डाणात पाचशे किलोमीटर पूर्ण केले होते. आमच्या क्लबात तोवर कुणी केले नव्हते. रेकॉर्डर उघडला तर मधली अकरा मिनिटं कोरी. रेकॉर्डर ज्यावर चालतो ती ग्लायडरची मोठी बॅटरी वाटेत बसली, पुन्हा जेमतेम उठली. विक्रम नामंजूर.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बॅटऱ्या माझ्याकडे असायच्या. मी म्हणाले, "मी नीट तपासून दिली होती. दादानेच आदल्या दिवशी स्विच चालू ठेवला असणार."
खोटं! सपशेल खोटं!
मीटरवर १२.७ दिसले आणि मी हो म्हटलं. खरं तर भार लावून, दिवा जोडून, दोन तास बसून बघायचं असतं. म्हातारी बॅटरी मीटरपुढे तरणी दिसते – बडा घर पोकळ वासा. मला माहीत होतं. कंटाळा केला.
दादा काही बोलला नाही. मला खोटं पाडायला एक वाक्य पुरलं असतं. तेही नाही. महिनाभरात वहिनीला आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन दुसऱ्या गावी गेला. मीही फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

८ मार्च
केलं काम. नवी जोडली, मग जुनी सोडवली. घड्याळ एक सेकंदही चुकलं नाही.
पत्र सात वेळा लिहिलं, सात वेळा फाडलं. आठव्यांदा चारच ओळी – "दादा, त्या दिवशी बॅटरी मी तपासली नव्हती. चूक माझी, खोटंही माझंच. तुझी उड्डाणं पाहिली. फार बरं वाटलं."
डबीखाली सरकवलं. खोकं चिकटवलं. चिकटपट्टी जरा जास्तच लावली – परत उघडायचा मोह नको.

११ मार्च
पोचलं. पावतीवर सही त्याचीच.

१४ मार्च
काही नाही.

१६ मार्च
काही नाही. फोन तीनदा बंद-चालू करून पाहिला. बिघाड फोनमध्ये नाही.

१९ मार्च
दुपारी फोन. मुलीचा आवाज, मागे वारा.
"आत्या? मी बोलतेय. आत्या, ती उड्डाणं माझी आहेत. बाबा त्या वर्षीपासून ग्लायडरमध्ये बसलेच नव्हते."
मी स्टूल ओढून बसले.
"तुझं पत्र वाचलं त्यांनी. आठवडाभर खिशात घेऊन फिरत होते. आज मैदानावर मला म्हणाले, सरक, मी बसतो. सोबत आम्हाला उडवायला शिकवणारे सर आहेत, काळजी करू नकोस. पण आत्या, तास होऊन गेला – उतरायचं नावच घेत नाहीत!"