टीव्हीतल्या डॉक्टरापुढं कावेरी

५ ऑगस्ट २००४, गुरुवार

बीडला जाऊन आलो. किळस आली! ट्रस्टच्या दवाखान्यात मुंबईचा मोठा डॉक्टर टीव्हीवरून तपासतो म्हणे. उद्घाटनाला पुढारी अमरसिंह — इलेक्शन आलं की यांना रोगी आठवतात. साहेबांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर! पडद्यातून डॉक्टर विचारतोय, "पेशंटच्या अंगावर पुरळ कधीपासून?" समोर साहेबच. तरी टाळ्या!

मग आमचा नंबर. कावेरीचा डावा खांदा चार महिने दुखतोय. मी सगळं नीट सांगितलं — दुखतं कधी, जेवण किती, झोप कशी. तर तो पडद्यातला पोरगा मलाच, "काका, तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या." हिनं पदर आवळला. बोलणार काय? पंचवीस वर्षं बायकोचं दुखणं मीच सांगत आलोय!

"पुढच्या गुरुवारी या. त्या एकट्या आत येतील."

नाडीला हात न लावता एवढा माज!

७ ऑगस्ट

आमच्या साप्ताहिकात झोडून काढलं — 'डबा-वैद्य'. केजच्या चौकात बंकट शिंपी म्हणाला, "लई हाणलंस गड्या! पर वहिनींच्या टाचांच्या भेगांवर लिवलं होतंस, त्याची सर न्हाई." खरंय. लोक अजून तिला बघून हसतात.

घरी लेख वाचून दाखवला. कावेरी हसली नाही. "गुरुवारी जायचं हाय ना?"

"कामून? त्या डब्याला काय दिसतंय?"

"मला वळखत तर न्हाई."

हे काय उत्तर झालं!

१२ ऑगस्ट

यंत्रावरच्या नर्सनं, प्रणितानं, तोंडावर दार लावलं. "काका, बाहेर बसा." चाळीस मिनिटं! बाकावर ढेकूण. आतून कावेरीचा आवाज — एकसारखा, थांबेचना. टीव्हीशी बोलतेय!

बाहेर आली. हातात चिठ्ठी. "उद्याच बार्शीला जा म्हणले." परतीच्या एसटीत तिनं ती पदराच्या गाठीत बांधली. 

१३ ऑगस्ट, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल

छातीत गाठ. दोन वर्षांची. केजचे डॉक्टर रोज माझ्या छापखान्यात चहाला बसतात, म्हणून तिनं त्यांना दाखवली नाही.

"आन मला का न्हाई सांगितलंस, कावेरी?"

"तुमी लिवलं असतं."