मेल्यावर उठून नमस्कार

शनिवार, ७ ऑक्टोबर

बाबा होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत. बाबाच.

मी मेले होते तेव्हा दिसले. नाटकात मेलेल्या माणसाला एकाच दिशेला बघता येतं आणि माझी दिशा नेमकी दाराकडे. आमच्या तीन नाटुकल्यांपैकी तिसऱ्यात मी भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी बाई. कपाटाच्या आतून कोणीतरी ठोठावतं. शेवटी कपाट आतून उघडतं आणि मी जमिनीवर पडते, डोळे उघडे ठेवून. पुढची दोन मिनिटं घरमालक नव्या भाडेकरूला खोली दाखवतो — "हवेशीर आहे, पाण्याचा त्रास नाही" — आणि दोघं मला ओलांडून ये-जा करतात. लोक आधी हसतात. मग एकेक जण गप्प होतो.

त्या दोन मिनिटांत पापणी लववायची नाही. दारावरच्या लाल दिव्याकडे बघत राहायचं, एवढंच काम. तर आज दिव्याखाली बाबा. डोळे मिटून बसलेले!

अंधार झाला, पुन्हा दिवे आले, मी उठून उभी राहिले, वाकले. बघते तर डोळे उघडे. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चटकन उठून गेले.

बाबा आणि नाटक? मोठ्या रंगमंदिरात माझी मुख्य भूमिका होती तेव्हा मध्यंतरात बाहेर जाऊन लिफ्ट बघत बसले होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. घरी येऊन म्हणाले, लिफ्ट चांगली ठेवलीय. नाटकाबद्दल चकार शब्द नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

सकाळी आईला सहज विचारलं, काल दुपारी बाबा कुठे होते. म्हणाली, वाचनालयात, दर शनिवारी जातात. बाबा समोरच चहा पीत होते. बशीतून नजर वर काढली नाही.

मीही काही बोलले नाही. का नाही बोलले, देव जाणे. छत्तीस वर्षांची घोडी झाले, पण बापाला खोटं बोलताना पकडलं तर लाज मलाच वाटते.

मंगळवार, १० ऑक्टोबर

डोळे चुरचुरताहेत. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "पापण्या लववत राहा" सांगायचं आणि शनिवार-रविवार स्वतः लववायच्या नाहीत. दुकानाच्या मालकीणबाईंनी थेंबांची बाटली दिली. वर सल्ला — मेलीस की मीट ना डोळे सरळ!

शनिवार, १४ ऑक्टोबर

पुन्हा होते. तीच खुर्ची.

खेळानंतर दारावरच्या काकांना विचारलं. तिकिटं फाडतात ते. त्यांना ठाऊक नव्हतं की हे माझे बाबा. म्हणाले, ते होय, ते तिसऱ्या खेळापासून येताहेत. पहिली दोन नाटुकली नीट बघतात. तिसरं सुरू झालं की डोळे मिटतात. काकांना वाटायचं, म्हातारबुवा झोपतात. पण शेवटी सगळे नमस्काराला उभे राहिले की बरोबर जागे. टाळ्या मात्र वाजवत नाहीत.

म्हणजे दोन महिने झाले! दोन महिने माझा बाप मला मरताना बघायला येतो. की न बघायला येतो?

डोक्यात नुसता गोंधळ.

रविवार, १५ ऑक्टोबर

लोक तरी का येतात? छापखान्याच्या वरचा हॉल. ऐंशी खुर्च्या, त्यातल्या सहा मोडक्या. पंधरा-पंधरा मिनिटांची तीन नाटुकली, पडदासुद्धा नाही. तरी दर वेळी गर्दी.

मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक. पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांचं म्हणणं, सिनेमातलं भूत पडद्याच्या पलीकडे असतं. इथे ते आपलीच हवा घेतं. शिवाय लहान नाटुकलं खुलासा करत बसत नाही. कपाटात कोण होतं, हे विचारायच्या आत संपतं. माणूस तो प्रश्न खिशात घालून घरी नेतो.

असेल. पण हॉलच्या कोपऱ्यावर पाव विकणाऱ्या एक बाई चौथ्यांदा आल्या होत्या. त्यांना मीच जिन्यात गाठलं. हसून म्हणाल्या, घरी इतक्या जणांची काळजी की नीट घाबरायलासुद्धा सवड नाही. इथे पंधरा मिनिटांत घाबरून मोकळं होता येतं. आणि बाजूला बसलेलाही घाबरलेला असतो, तेवढीच सोबत.

सोबत. हा शब्द मला आवडला. किंचाळी फुटते तेव्हा सगळे शेजाऱ्याचा हात धरतात, ओळख असो-नसो. मग दिवे आले की हात सोडून हसतात. मला जमिनीवरून ते सगळं ऐकू येतं.

पण बाबांच्या शेजारची खुर्ची मोडकी आहे. तिथे कोणी बसत नाही. ते कोणाचा हात धरतात?

गुरुवार, १९ ऑक्टोबर

तालमीत मास्तरांनी फर्मान काढलं. यापुढे शेवटचा नमस्कार बंद. आपण पंधरा मिनिटं राबून भीती उभी करायची, आणि मग मेलेलीने उठून हसत वाकायचं — सगळं मुसळ केरात. दिवे येऊ देत, लोक जाऊ देत. तू तशीच पडून राहायचं, शेवटचा माणूस जिना उतरेपर्यंत.

घरमालक करणारा नट खूश. भाडेकरू करणारी म्हणाली, टाळ्या नाहीत म्हणजे काहीतरीच. पण मग तीही तयार झाली. मलाही पटलं. खरंच पटलं. मीही हो म्हणाले.

घरी येताना बाबा आठवले. त्यांना आधी सांगावं का? काय सांगणार? तुम्ही येता हे मला माहीत आहे, असं?

नाही सांगितलं.

शनिवार, २१ ऑक्टोबर

 

दिवे आले. टाळ्या नाहीत. कोणाला काही कळेना. मी पडून. खुर्च्यांची करकर, कुजबुज, कोणीतरी म्हणालं "हिला उठवा की". मग पावलं जिन्याकडे. मास्तर विंगेत उभे होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खूश असणार. आजवर हॉल इतका शांत रिकामा झाला नव्हता.

मी लाल दिव्याकडे बघत होते. दिव्याखालचा माणूस उठला नाही.

मग उठला. दाराकडे नाही, माझ्याकडे आला. रांगांमधून खुर्च्यांना धरत. काका मागून "अहो, आजोबा, तिकडे नाही" म्हणत आले. बाबांना ऐकूच गेलं नाही. मंचाला पायऱ्या आहेत, पण ते समोरूनच गुडघा टेकून चढले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस! माझ्याजवळ बसले. हात माझ्या कपाळावर ठेवला, मग नाकाखाली धरला.

"ऊठ," म्हणाले. "ऊठ गं बाळा. पुरे झालं. ऊठ."

मला उठताच येईना. नाटक म्हणून नाही.  असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग मी उठून बसले. "बाबा, मी आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. ओशाळले. खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला आणि पायऱ्यांवरून खाली उतरून गेले.

घरी गेले तर टेबलापाशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. आईसमोर मी काय विचारणार? जेवलो. भाजीत मीठ कमी होतं. त्यावर बोललो.

रविवार, २२ ऑक्टोबर

बाबा रविवारी येत नाहीतच, आजही आले नाहीत. मी नमस्काराशिवाय पडून राहिले. दारात कोणीच नव्हतं, तरी डोळ्यांतून पाणी आलं आणि मास्तर चिडले. मेलेली रडत नाही, म्हणाले.

मी म्हटलं, मला नमस्कार परत हवाय.

का?

 लोकांना बरं वाटतं, असं काहीतरी मी म्हणाले. मास्तर म्हणाले, लोक बरं वाटायला दवाखान्यात जातात. इथे मरण बघायला येतात, नमस्कार बघायला नाही.

त्यांचंही चूक नाही. मग चूक कोणाचं? मी घरभर हाच प्रश्न घेऊन फिरतेय.

सोमवार, २३ ऑक्टोबर

बाबा माझ्याशी नेहमीसारखं बोलतात. मीही.

बुधवार, २५ ऑक्टोबर

दुपारी दुकानात आले. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणे. स्वतःच्या हाताने अख्खी लिफ्ट खोलून जोडणारा माणूस स्क्रू आवळायला माझ्याकडे आला! मालकीणबाई शहाण्या. मला डोळ्याने खुणावलं आणि मागच्या खोलीत काचा घासायला गेल्या.

मी स्क्रू आवळत होते आणि ते बोलत होते. चष्मा माझ्या हातात, त्यामुळे त्यांना माझा चेहरा धूसर दिसत असणार. बहुतेक म्हणूनच बोलू शकले.

मी दीड वर्षाची होते. कडाक्याची थंडी. तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी राहायचो, दोन खोल्यांत. मला खोकला, म्हणून बाबांनी कोळशाची शेगडी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. वारा येत होता, म्हणून खिडकी लावली. आई बाहेरच्या खोलीत कपडे शिवत होती. तासाभराने बाबा आत आले, तर मी हलत नव्हते.

दवाखाना जवळ होता. डॉक्टर बाहेर गेलेले. कंपाउंडरने मला व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं, बघितलं आणि मान हलवली. मग बाबा टेबलाशी उभे राहिले. किती वेळ, माहीत नाही. म्हणाले, मी नुसता "ऊठ" म्हणत होतो. दुसरा शब्दच सुचत नव्हता. आणि तू हात हलवलास. मग डोळे उघडलेस. मग उठून बसलीस आणि पाणी मागितलंस.

महिन्याभरात त्यांनी ते गाव सोडलं. माझ्याजवळ हा विषय कधी काढायचा नाही, असं आईशी ठरवलं.

मी विचारलं, मग नाटकाला का येता? आठवण नको म्हणून गाव सोडलंत ना?

 मग म्हणाले, "खिडकी मीच लावली होती. ते रोज दिसतं. तू उठलीस ते मात्र एकदाच बघायला मिळालं. तिथे दर शनिवारी मिळतं."

डोळे का मिटता?

"मरताना कशाला बघू? ते पाठ आहे."

चष्मा दिला. घालून आरशात पाहिलं, ठीक आहे म्हणाले आणि गेले. मी कितीतरी वेळ हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

तालमीनंतर मास्तरांना सगळं सांगितलं. ते मंचाच्या कडेवर बसून ऐकत होते. मग विचारलं, शेवटची रांग, दाराजवळ? मी हो म्हटलं. म्हणाले, मी इतके दिवस त्या माणसाकडे बघून ठरवत होतो की तिसरं नाटुकलं कंटाळवाणं आहे, अजून घाबरवायला हवं.

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी आपणहूनच सांगितलं, नमस्कार परत घेऊ. पटलं म्हणून की दया आली म्हणून, कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

मला अजून वाटतं, नाटक म्हणून नमस्काराशिवायचंच जास्त चांगलं होतं. आणि तरीही. ह्या "तरीही"च्या पुढे मला लिहिता येत नाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर

बाबा आले. चोरून नाही, सांगून. आणि आईला घेऊन! आई आजवर असल्या नाटकांना नाक मुरडायची. मोडकी खुर्ची काकांनी तारेने बांधून दिली. आई तिच्यावर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

मी पडले. लाल दिव्याकडे बघत राहिले. बाबांचे डोळे मिटलेले. आईचे उघडे होते. माझ्याकडे टक लावून बघत होती. मग घरमालक "हवेशीर आहे" म्हणाला आणि आई उठून बाहेर निघून गेली.

दिवे आले. उठले, वाकले. बाबांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच.

आई खाली जिन्यात सापडली. काय झालं विचारलं तर म्हणाली, आत गुदमरल्यासारखं झालं. खिडक्या तरी ठेवायच्या. घरी जाईपर्यंत बोलली नाही. बाबा मात्र वाटभर बोलत होते, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल लागतंय वगैरे.

मला वाटलं होतं, आज मला सगळं कळेल. आईचं काय झालं, तेवढंच कळेना.

रविवार, २९ ऑक्टोबर

सकाळी चादरीची घडी घालत होतो. एक टोक आईकडे, एक माझ्याकडे. बाबा दूध आणायला गेलेले. आई चादरीकडे बघत म्हणाली, "त्यांनी तुला अर्धंच सांगितलं. त्या टेबलावर तुम्ही दोघी होतात. जुळ्या. कपडेसुद्धा सारखेच. ती नाही उठली."

नाव विचारलं. सांगितलं. इथे लिहवत नाही.

आज चार वाजता खेळ आहे. बाबा म्हणालेत, रविवार असला तरी येणार. मी उठून उभी राहीन, ते डोळे उघडतील. त्यांना कोण उठलेली दिसेल?