नखातली काळी रेघ

कल्याण, १८८९

तीर्थरूप भावोजींस,
नमस्कार लिहायला हात धजत नाही.

ह्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उठली, तेव्हा ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, "रोग नखातच आहे तोवर अंगठा काढा, माणूस वाचेल." तुम्ही ओरडलात, "अंगठ्यावाचून पितरांना पाणी कसं देणार?" धाकट्या भावाने तुमचा शब्द मोडला नाही. वर्षाच्या आत अंगठ्यासकट जाळलंत त्यांना.

काल ह्यांच्या श्राद्धाला तुम्ही तर्पण केलंत. पाणी सोडताना तुमच्या नखात तशीच रेघ दिसली, अजून बारीक. आजच ठाण्याला गेलात तर वाचाल. हेच कळवायला बसले होते. आता कागद चुलीत घालते.

अंगठा जपा, भावोजी. तुमचा भाऊ तहानलेला आहे.

द्वारका