साहेबांचा ड्यूक आणि सासूबाईंची भाकर

आष्टी, ता. ९ जानेवारी १९५५

तीर्थरूप सुमताक्काच्या पायांवर धाकट्या सुलोचनेचं डोकं (पत्रातून जेवढं टेकतं तेवढं).

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि ‘सगळे’ म्हणताना आता एक कुत्राही धरावा लागतो, म्हणून हे एवढं लांबण.

झालं असं, की ह्यांच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांची दिल्लीला बदली झाली. त्यांचा ड्यूक अस्सल अल्सेशियन, पाच वर्षांचा, वासराएवढा. दिल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्याला कुठली जागा? ‘कोण सांभाळील?’ असं साहेबांनी विचारलं तेव्हा सगळी कचेरी फायलींत तोंड खुपसून बसली; आमचे हे तेवढे वर बघत होते (ह्यांना आढ्याला पाल दिसली होती). साखळी ह्यांच्याच हातात आली.

सासूबाई दारातच कडाडल्या, “याले कोन आनलं? हा उंबऱ्याच्या आत आला तर मी चालली माहेरी!” (माहेरी आता कुणी उरलेलं नाही, पण धमकी अजून चालते.) ड्यूकला अंगणात बांधलं. त्याला मराठीचं अक्षर कळेना. हे “सिट!” म्हणून ओरडले की तो बसायचा, आणि दचकून शेजारचे चंद्रभानजीही बसायचे. इथवर सगळी गंमतच. पण तो जेवेना गं. दूध नाही, पोळी नाही. रस्त्यावर साहेबांच्या जीपसारखी जीप वाजली की ताडकन उठायचा, ती निघून गेली की पुन्हा पंजांवर डोकं. बरगड्या दिसायला लागल्या. हे म्हणाले, “मोठं झालेलं जनावर, मालक गेला की जीव सोडतं.” मी पदरानं डोळे पुसले.

मग बाजाराच्या दिवशी तो साखळी तोडून एका जीपमागं सुटला. भर बाजारात! कवडू कांदेवाला आपल्याच पोत्यांवर चढला, बायका मिरच्या टाकून पळाल्या. जीप धूळ उडवत गेली आणि ड्यूक रस्त्याच्या मधोमध बसून राहिला. जवळ जायला कुणी धजेना. हेसुद्धा लांबूनच “सिट, सिट” करत होते (तो बसलेलाच होता).

तेवढ्यात वांगी घ्यायला आलेल्या सासूबाई सरळ त्याच्याजवळ धुळीत जाऊन बसल्या. “काऊन रे, गेला का तुले सोडून? जातेत बापू, मानसं जातेत. म्हनून काय उपाशी मरतं का?” असं म्हणत त्यांनी पदराला बांधलेली स्वतःच्या न्याहारीची भाकर मोडून त्याच्यापुढे धरली. त्यानं हुंगली, त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि खाल्ली. मग वांगीही खाल्ली. त्या उठून घराकडं निघाल्या तसा तो बिनसाखळीचा मागं मागं, थेट उंबरा ओलांडून चुलीपर्यंत. ह्यांनी तुटकी साखळी खुंटीला टांगून टाकली.

आता अंगणात नुसती धमाल असते. कधी येतेस?

तुझी लाडकी,
सुलोचना

ता. क. — लिहायचं मुख्य ते राहिलंच. साहेबांच्या एका मित्राचीही बदली झाली. त्यांची ज्युली, लांब कानांची स्पॅनियल, सात वर्षांची, अगदी गरीब, परवापासून आमच्याकडं आहे. तुझं घर मोठं. ठेवून घेशील का?

आणखी एक ता. क. — पत्र टपालात टाकायचं राहून गेलं, तोवर ज्युली सासूबाईंच्या बाजेखाली निजायला लागली. तेव्हा अक्का, कुत्री मिळणार नाही. उगाच पुन्हा मागू नकोस, सासूबाईंना वाईट वाटतं.