मांडीवर न बसणारी गिटार

मिरज,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थरूप मधुकरमामांच्या पायांवर शिवतेजचं डोकं.

आधीच कबूल करतो मामा, हे पत्र मी श्रावणातच लिहायला पाहिजे होतं. लिहायला बसलोही होतो. पण तेव्हा मी महाबळेश्वरला एका हॉटेलात ताटं धुवायला होतो, आणि तिथल्या पावसात कागद नुसता खिशात ठेवला तरी संध्याकाळपर्यंत त्याची लापशी होते. गणपतीत दुसरा कागद घेतला, तर त्याच्यावर एका टॅक्सीवाल्यानं मला मेढ्याकडून खाली उतरायची जवळची वाट काढून दाखवली. वाट इतकी चांगली निघाली की त्या कागदावर पुढं पत्र लिहायला जीव होईना. असो. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा, साखर आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. मामींना माझा नमस्कार सांगू नका, कारण मग पत्र आल्याचं त्यांना कळेल. म्हणूनच तर हे तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. फोन केला असता, पण तुमचा फोन मामी उचलतात आणि स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतात. अशानं नाजूक विषय निघत नाही.

शिरवळची कंपनी मी सोडली हे आईनं तुम्हाला रडून सांगितलंच असेल. का सोडली ते तिला माहीत नाही. तिथं दिवसभर बाटल्यांना झाकणं बसतात आणि बसलेली झाकणं बघायला एक माणूस ठेवलेला असतो, तो मी होतो. (पगार वेळेवर मिळायचा, चहा दोनदा. तक्रार कुणाबद्दलच नाही. पण स्वप्नातसुद्धा झाकणंच दिसायला लागल्यावर माणसानं निघावं.) तिथून सुटलो तो ज्येष्ठात मित्राच्या लग्नाला तासगावला पोचलो आणि तिथं माझं नशीब उघडलं. ते असं.

पाठवणीची वेळ होती. नवरीनं आईच्या गळ्यात हात टाकले होते, चुलत्यानं डोळ्याला टॉवेल लावला होता, आणि बेंजो पार्टीनं असं काही टणाटण वाजवायला घेतलं की नवऱ्याकडची पोरं नाचायला लागली. मग चुलता टॉवेल टाकून पोरांच्या अंगावर, पोरं बेंजोवाल्याच्या आडोशाला, आणि पाठवणीची पार शोभा झाली. पार्टीचे मालक धनाजी मास्तर नंतर लिंबाखाली डोकं धरून बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाले, "आमचा बेंजो वरातीला वाघ हाय गड्या, पर पाठवणीला गाढव. पोरगी निघाली की कसं लांब, वडत न्हेणारं वाजाय पायजे. बाया रडल्या पायजेत." मी म्हणालो, आमच्या मामांच्या हवाईन गिटारीनं कोयनेची अख्खी कॉलनी रडायची. तेव्हा त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "आण की मग तुजी गिटार. तुळशीची लग्नं झाली की शीझन सुरू. दिवाळीच्या पाडव्याला ऐकतो. जमलं तर पार्टीत जागा पक्की. न्हाई जमलं तर जा शिरवळला आन मोज झाकनं." तर मामा, माझा सगळा पुढचा जन्म पाडव्यावर टांगलेला आहे, हे ध्यानात घेऊन पुढचं वाचा.

मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं. कॉलनीच्या गणपतीतलं तुमचं वाजवणं मला अजून दिसतं. मांडीवर आडवी गिटार, हातात ती चकचकीत लोखंडी दांडी, आणि दांडी थरथरवून तुम्ही सूर असा हलवायचा की पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या चहात वलयं उठायची. त्यातल्या एका वर्षी ती वलयं खरोखर भूकंपाची होती. सगळा मांडव मोकळ्या मैदानात पळाला, आणि तुम्ही डोळे मिटून तोच सूर धरून बसला होता. नंतर विचारलं तर म्हणालात, मला वाटलं आज हात चांगला लागलाय. त्या दिवशी मी ठरवलं होतं की मोठेपणी हेच करायचं. (मध्ये पोलीसभरती, वेल्डिंग आणि कोंबड्या असं तीनदा ठरवलं, पण ते सोडून द्या.) तुमची गिटारच मागितली असती, पण मामींनी ती मोडीत घालून कुकर आणला हे माहीत होतं. मेलेल्या जनावराचं नाव काढू नये.

म्हणून महाबळेश्वरला ताटं धुऊन चार पैसे साठवले आणि स्वतःची गिटार निवडायला निघालो, आणि निवडली कशी ते अभिमानानं सांगतो, कारण हे ज्ञान फुकट जाऊ नये. पहिल्यांदा सांगलीला एका काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं मला सर म्हटलं, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. त्यानं मोबाईलवर परदेशी बनावटीची एक दाखवली, नुसती फळी आणि तारा, पोट नाहीच. किंमत ऐकून मी म्हटलं, "एवढ्यात आमच्याकडं गाभण म्हैस येती." तो म्हणाला, "म्हैस वाजत न्हाई, सर." मी म्हटलं, "आन ही वाजली न्हाई तर पिळायची का?" मग त्यानं एक साधी गिटार काढून, हीच आडवी ठेवा की, असा सल्ला दिला. ठेवली. तारा इतक्या खाली की वर लोखंड फिरवलं की ते गळ्यावरच्या पट्ट्यांवर आपटून पत्र्यावर चमचा ओढल्यासारखं वाजायचं. तेव्हा पहिली गोष्ट कळली, मांडीवरच्या गिटारीच्या तारा उंच पाहिजेत. हे मी त्या पोराला समजावून सांगितलं. त्यानं सर म्हणायचं बंद केलं.

दुसरी बघितली तुमच्याच साताऱ्यात. (आलो आणि घरी आलो नाही म्हणून रागावू नका. तुमच्या घराच्या खालच्या गल्लीतूनच गेलो, पण गॅलरीत मामी होत्या.) मनुबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांचे मालक जुन्या ऑर्केस्ट्रात हवाईन वाजवायचे. गिटार दिवाणाखाली गोधडीत गुंडाळून निजवलेली. विकायची नाही, द्यायची आहे, असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला आनंद झाला. पण द्यायची म्हणजे मुलगी देतात तशी. पोहे आले. गाव कुठलं, शिक्षण किती, तंबाखू खाता का, एका नोकरीत टिकता का. शेवटच्या प्रश्नाला मी पोह्यांची तारीफ केली. मग त्यांनी गोधडी उलगडली. मामा, काय रूप होतं तिचं, काळीभोर, कमरेला बाक. म्हणाल्या, वाजवून दाखवा. नेमकं त्याच दिवशी माझ्या करंगळीला लागलं होतं. "करंगळीनं वाजवतंय व्हय कुणी?" असं म्हणून त्यांनी गोधडी पुन्हा गुंडाळली आणि कळवते म्हणाल्या. आपल्यात कळवतो म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

मग मात्र मी शहाणा झालो आणि मिरजेला आलो. जिथं गल्लीच्या गल्ली सतारी आणि तंबोरे करते, तिथं एक गिटार काय अवघड. इलाहीचाचा म्हणून सतार करणारे आहेत, त्यांच्या कारखान्यात सोलापूरकडून आलेले वाळके भोपळे छताला टांगलेले असतात. माझं बजेट ऐकून ते हसले नाहीत, नुसती खरवडणी हातात दिली. महिनाभर भोपळे आतून साफ केले. (भोपळ्याच्या आतली धूळ नाकात गेली की रात्री जेवण लागत नाही, म्हणजे तेवढी बचतच.) मजुरीच्या बदल्यात कोपऱ्यात पडलेली एक गिटार माझी झाली. कुणा कॉलेजच्या पोरानं दुरुस्तीला टाकून परत नेली नव्हती. गळा सरळ, खुंट्या चांगल्या, फक्त पाठ फुटलेली. सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा तुकडा खाली सरकवून चाचांनी तारा उचलून दिल्या, बघताबघता. पाठीसाठी मात्र थोडा विचार केला आणि म्हणाले, "बाबा, आता ह्याला लाकूड कुठनं शोधू? भोपळा हाय की."

मला ते पटलं. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही पटलं असतं. मीच खरवडलेला एक गोलमटोल भोपळा निवडून दिला, आणि चाचांनी तो गिटारीच्या पाठीला असा बसवला की जोड शोधून सापडणार नाही. मग त्यांचा हात थांबेना. सतारीला असतात तशा खालून गुंजणाऱ्या बारीक तारा घातल्या. कडेनं पांढरी वेलबुट्टी काढली. त्यांनी आयुष्यात कधी गिटार केलेली नव्हती, आणि मी सांगतो मामा, आत्ताही केलेली नाही. पण जे झालं आहे ते जगात दुसरीकडं नाही. गल्लीतले लोक येऊन बघून जातात. एक सतारवादक आले होते, त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

आता एवढंच, की ती मांडीवर बसत नाही. मांडीवरची गिटार निवडताना मांडीचा विचार मागं पडला खरा. भोपळा गोल, मांडी गोल. ठेवली की कूस बदलते आणि जमिनीकडं निघते. पण ह्यावरही मी तोड काढली. ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो त्या लीलाबाईंची, डोक्यावर घागर ठेवायला असते तसली चुंबळ मागून घेतली. चुंबळ जमिनीवर, तिच्यावर भोपळा, आणि आपण पुढं मांडी घालून बसायचं. म्हणजे मांडी लागतेच. वर सरकवायच्या दांडीसाठी शाहनवाजच्या गॅरेजमध्ये एक अख्खी दुपार घालवली. विकतच्या दांड्या महाग, पण इंजिनातली पिस्टनची पिन तीच जात. स्कूटरची हलकी, तारेवर नाचते. ट्रॅक्टरची ठेवली की तार गप्पच होते. बुलेटची मात्र अशी बसली की जणू कंपनीनं आमच्याच धंद्यासाठी काढली आहे. (शाहनवाजला वाटलं मी बुलेट घेतली, त्यानं अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं.)

आणि आवाज? परवा संध्याकाळी पहिल्यांदा तार छेडून पिन सावकाश वरून खाली ओढली. आतल्या लीलाबाईंनी गॅस बंद केला, बाहेर आल्या आणि विचारलं, "कोन गेलं रं?" कुणी नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना, त्यांनी माहेरी फोन करून सगळ्यांची खुशाली विचारली. मामा, सांगलीच्या दुकानातल्या त्या म्हशीच्या किमतीच्या फळीनं कुणाला असा फोन करायला लावला असता का? धनाजी मास्तरांना बाया रडायला पाहिजेत. ह्या गिटारीनं बाया सुतकात बसतील. आपल्या घराण्याचं नाव निदान जत तालुक्यापर्यंत जाईल, आणि बेंजो पार्टीच्या टेम्पोवर माझ्या नावाआधी तुमचं नाव घालायचं मी नक्की केलं आहे.

तब्येतीला जपा. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरा.

तुमचा, आणि बुद्धीनं तुमच्यावरच गेलेला,
शिवतेज

ता. क. एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. मला वाजवता येत नाही. वरून खाली यायचा तो एक सूर येतो, पण खाली आल्यावर पुढं कुठं जायचं ते कळत नाही. एका सुरावर नवरी मांडवातून गाडीपर्यंतसुद्धा पोचणार नाही. तेव्हा तुम्ही आठ दिवस इकडं येऊन पाठवणीची दोनच गाणी हाताला धरून शिकवा. पाडव्याच्या आत. दोन नाही तर एक.

ता. क. दुसरा. मामींना सांगा, मिरजेला डोळे तपासायला जातो. आपल्याकडचा कुणीही मिरजेला निघाला की दवाखान्यालाच निघाला असं लोक धरून चालतात, कुणी उलट विचारत नाही. फक्त एक करा, जाताना चष्मा घरी विसरू नका, नाही तर इथं येऊन सूर दिसायचे नाहीत.

ता. क. तिसरा. बंद केलेलं पाकीट फोडून हे लिहितो आहे. दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून मामी उतरल्या. आपल्याच. तुम्हाला कराडला बहिणीकडं जाते म्हणून सांगून निघाल्या आहेत. आईला मी फोनवर खोलीचा पत्ता दिला होता, तिनंच त्यांना गिटारीचं सांगितलं म्हणे. मला वाटलं, आता हिचाही कुकर होतो. पण त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पदर खोचला, चुंबळ काढून बाजूला टाकली, मांडी घालून मधल्या खळग्यात भोपळा बसवला (तो बसला, मामा, हललासुद्धा नाही), पिन हातात घेतली आणि अख्खं गाणं वाजवलं. मग म्हणाल्या, "ह्यांचा दुसऱ्या ओळीला सूर कायम खाली राहायचा. तू तसं करू नकोस." तुम्ही पॉवरहाऊसला रात्रपाळीला गेलात की त्या तुमची गिटार काढायच्या. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. मग मोडीत का घातली, असं मी विचारलं. म्हणाल्या, तुम्ही रिटायर होऊन दिवसभर घरात बसायला लागलात, वाजवायची कधी?

मामी आता पत्र खाली ठेव आणि हात धुऊन ये म्हणताहेत. तेव्हा डोळ्यांचं राहू द्या, ते चांगलेच आहेत. त्या आठ दिवस इथं राहणार आहेत. तेवढे दिवस कराडला फोन करू नका.