उंचीनुसार लावलेल्या दगडांबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
जुनी दफनभूमी विभाग, नगरपालिका.

विषय: आमच्या मोठ्या मुलीजवळ, म्हणजे आपल्या हिरवळीवर, बसू देण्याबाबत.
संदर्भ: "आपला दगड सुस्थितीत आहे" असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. दगड सुस्थितीत असल्याचे वाचून जीव भांड्यात पडला. आता मुलीबद्दल लिहिते.

२. सुशोभीकरणानंतर शहराचा इतिहास बराच नीटनेटका झाला आहे. फाटकाजवळच्या फलकावर साथीचे वर्ष आहे, शहराचा तट बांधणारे गवंडी आहेत, बुडालेल्या जहाजाचे खलाशी आहेत. पूर्वी ही मंडळी उतारावर, सुरूच्या झाडांखाली, जागा मिळेल तशी पहुडलेली असत. गवत कापायच्या यंत्राला दगड आडवे येत, म्हणून आपण ते सगळे उपटून भिंतीशी उंचीनुसार उभे केलेत, वर्गाच्या फोटोला करतात तसे. आमच्या मुलीचा दगड सर्वांत बुटका, त्यामुळे पहिला नंबर तिचा. आई म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता.

३. अडचण एवढीच, की दगडाबरोबर मुलगी सरकली नाही. ती महिन्याचीही नव्हती. रांगेत उभे राहणे शिकायचे राहून गेले. ती अजून वाकड्या सुरूखालीच आहे. तिथे आता 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी आहे.

४. गेल्या रविवारी मी तिथे बसले, तर रखवालदारकाकांनी शिट्टी मारली. गवत दबतंय, उठा बाई, म्हणाले. खाली माझी मुलगी आहे म्हटल्यावर वरमले आणि म्हणाले, मग जरा कडेला बसा. कडेला कोण आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि आपल्या कृपेने आता कुणालाच नाही.

५. धाकटी चार वर्षांची आहे. ताई उभी राहून दमत नाही का, असे तिने भिंतीपाशी विचारले. उत्तर आपल्या विभागात उपलब्ध असल्यास द्यावे.

६. आता त्या सुरूच्या खोडावर लाल फुली आली आहे. सरळ नसल्याबद्दल असावी. झाड गेले की शेवटची खूण गेली, आणि माझ्यानंतर धाकटीला जागा दाखवणारे कुणी उरणार नाही. तरी झाड तोडण्याआधी दगड मूळ जागी लावावा. जागा मी डोळे मिटूनही दाखवीन. तेही जमत नसल्यास निदान पाटी हलवावी. पाटी कुणाच्या नावाची नाही, त्यामुळे हलवल्याने कुणाची चुकामूक होणार नाही.

७. तोवर रखवालदारकाकांना शिट्टी हळू मारायला सांगावे. त्या कोपऱ्यात सगळी तान्ही आहेत.

आपली नम्र, आणि येत्या रविवारीही हिरवळीवरच,
मोठीची व धाकटीची आई

सोबत: दगड जागेवर असतानाचा फोटो. मागचे झाड वाकडे दिसते. ते तेव्हाही तसेच होते.