इंद्रजीतला करून दाखवताना

३ फेब्रुवारी, सकाळ
आज मुहूर्त. या सिनेमात इंद्रजीतशी भांडायचं नाही असं ठरवलं आहे. मागच्या सिनेमात त्याने माझ्या अंगावर स्क्रिप्ट फेकली होती आणि मी त्याच्या अंगावर खुर्ची. खुर्ची प्लास्टिकची होती, तरी तो अजून ती गोष्ट काढतो. पण तो नट आहे आणि मी दिग्दर्शक, तेव्हा मोठेपणा मीच दाखवला पाहिजे. वनमालाला संकल्प सांगितला. ती म्हणाली, हव, आणि तव्यावरचा चिला उलटायला वळली. बायकोचा असा विश्वास फार थोड्यांना मिळतो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
भांडण झालं. छोटं. नारळ कोणी फोडायचा यावरून.

५ फेब्रुवारी
रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीत शूटिंग. बंद मिलच्या रिकाम्या क्वार्टर्स मिळाल्या आहेत. महिनाअखेर मालक त्या पाडणार, त्याच्या आत आटपायचं. ट्रकचे हॉर्न सतत, आणि काळी धूळ डब्यातल्या दह्यावरसुद्धा. कथा माझी. मिल बंद पडते, बाप आयुष्यभर राहिलेली क्वार्टर खाली करतो आणि शेवटी दाराला कुलूप लावतो. त्या कुलपात सगळा सिनेमा आहे.

माझी पद्धत रायपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक सीन आधी मी स्वतः करून दाखवतो, मग इंद्रजीत करतो. आमचे सगळे सिनेमे असेच झाले. गोंदियाहून आलेल्या रेल्वेवाल्याचा हा पोट्टा इथेच एका मिलमध्ये क्रेन चालवायचा. मीच त्याला तात्यापारा या आमच्या मराठी मोहल्ल्याच्या गणपतीत नाटकात उभा केला. आज छत्तीसगढी सिनेमाची तिकिटं त्याच्या नावावर जातात. पेपरवाले लिहितात, संयत अभिनय. तो संयम त्याला कोणी शिकवला, हे कोणी लिहीत नाही.

आज तो म्हणाला, भैया, एकडाव करून दाखवा ना. दाखवलं. म्हणाला, अजून एकडाव. पूर्वी एकदा बघून त्याला कळायचं. मनात पाल चुकचुकली.

८ फेब्रुवारी
मी करून दाखवतो तेव्हा इंद्रजीत गॉगल लावतो. सावलीतसुद्धा. डोळे दिसू द्यायचे नसतील तर माणूस आणखी काय करणार?

दुसरं. मी दाखवत असताना प्रशिकच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. प्रशिकला विचारलं, तर म्हणाला, लाइट चेक करून राहिलो होतो सर. लाइट चेक करायला माझ्या डोक्यावर माइक कशाला धरला होता? डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलं.

११ फेब्रुवारी
इंद्रजीत आणि प्रशिक बोलत होते. मी गेल्यावर गप्प. पाठ वळताच हसू.

बिलासपूरचा एक नवा दिग्दर्शक इंद्रजीतला फोन करतो, अशी खबर आहे. पण माझा अंदाज त्याहून पुढचा आहे. इंद्रजीतला स्वतःच डायरेक्टर व्हायचं आहे. माझा सिनेमा अर्ध्यात काढून घेणार, कॅमेरामन त्याने आधीच फोडलाय. वनमालाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, काहून इतका संशय घेऊन राहिले तुम्ही, पाठीला धूळ लागली असंल म्हणून हसले असतील. शर्ट काढून पाहिला. धूळ होती. पण धुळीने सगळ्याचा उलगडा होत नाही.

१४ फेब्रुवारी
सुट्टी. समता कॉलोनीत काम निघालं. गंधालीच्या एडिटिंग रूमखाली इंद्रजीतची मोटरसायकल उभी.

गंधाली माझी मुलगी. आमचे सिनेमे तीच एडिट करते. जेवताना सहज विचारलं, इंद्रजीत आला होता का गं? म्हणाली, हाँ पापा, बस ऐसे ही. आमच्या घरात मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर येतं, हे रोजचंच. पण आजच्या हिंदीत काहीतरी लपवलेलं होतं. म्हणजे घरातही पाणी मुरतंय.

१६ फेब्रुवारी
पाळत. एडिटिंग रूमच्या समोर दाताचा दवाखाना आहे, तिथल्या वेटिंग रूमच्या खिडकीतून जिना दिसतो. पेशंट म्हणून बसलो. इंद्रजीत आला, वर गेला. मी उठणार तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आता नाही कसं म्हणणार. दाढ काढली. किडलेली निघाली, तेव्हा डॉक्टरशी अगदीच खोटं बोललो असं नाही.

तोंडात कापूस घेऊन समोरचा जिना चढलो. दार किलकिलं होतं. पडद्यावर मी होतो. मुलीच्या बिदाईचा सीन करून दाखवत होतो, गुडघ्यांवर बसून, हात आभाळाकडे. समोर इंद्रजीत, गॉगल नाही, पुढे वाकून बघतोय. गंधालीला म्हणाला, मागं घे. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागं घे म्हणाला. कोणी हसत नव्हतं.

सगळं लख्ख कळलं. चोरी. हा माझा अभिनय चोरतोय. कापसामुळे बोलता येत नव्हतं, म्हणून मोठ्या मनाने परत आलो.

१७ फेब्रुवारी
निर्णय. यापुढे करून दाखवणार नाही. नळच बंद.

इंद्रजीतला म्हटलं, तुझं तू कर. त्याचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात कट म्हणालो.

१९ फेब्रुवारी
टेकमागून टेक. एकातही जीव नाही. बाप जुनी सायकल भंगारवाल्याला देतो, त्या शॉटला इंद्रजीत बसची वाट बघत असल्यासारखा उभा. पुढच्या टेकला उगाच खोकला. मग खाली बसला आणि म्हणाला, भैया, एकडाव फक्त करून दाखवा, मले समजूनच नाही राहिलं. मी गॉगल लावून दुसरीकडे पाहिलं.

वाईट वाटलं. आनंद जास्त झाला. माझ्याशिवाय हा कोणी नाही, हे आज साऱ्या युनिटने बघितलं.

२१ फेब्रुवारी
मोठं भांडण. कुलपाचा सीन लावला होता. इंद्रजीत दारापाशी नुसता थांबून राहिला. म्हणाला, दाखवल्याशिवाय मी करतच नाही. मग मात्र मी सगळं बाहेर काढलं. गॉगल, लाल दिवा, समता कॉलोनी. सांगितलं, तुझी चोरी मी पकडली आहे.

तो म्हणाला, कायची चोरी? म्हटलं, माझ्या ॲक्टिंगची. त्याने कुलूप हातात घेतलं. मग म्हणाला, भैया, तुमची ॲक्टिंग मी काहून चोरू? आणि ते कुलूप जमिनीवर आपटून मोटरसायकलवर निघून गेला. तसाच, मिलच्या खाकी कपड्यांत. आता दुसरे शिवावे लागतील.

संकल्प मोडला, पण आवाज आधी त्याचा चढला.

२२ फेब्रुवारी
बाप मीच करणार. खरं तर पहिल्यापासून तो माझाच रोल. इतकी वर्षं मधे एक माणूस विनाकारण उभा होता.

प्रशिकने विचारलं, पक्का ना सर? पक्का म्हटलं. कुलूप लावलं, दाराला कवटाळलं, डोकं आपटलं, छाती पिटली, नाक शिंकरलं, आकाशाकडे बघून मिलला हाक मारली. एकाच टेकमध्ये ओके. वळून पाहिलं तर युनिटने माझ्याकडे पाठ केली होती. प्रशिक डोळे पुसत होता. कलावंताला आणखी काय लागतं?

परवा वनमालाला दाखवणार.

२४ फेब्रुवारी
एडिटिंग रूममध्ये वनमाला, गंधाली आणि मी. सीन लागला. वनमालाने पदराचा बोळा तोंडात घातला. खांदे हलत होते. तिला इतकं रडताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी हळूच पाण्याची बाटली पुढे केली. तेव्हा तिच्या तोंडून तो आवाज आला. ती उठून जिन्यात गेली आणि तिथे बसून हसत राहिली. माफ करा हो, म्हणत होती, आणि पुन्हा हसत होती.

गंधालीने पडदा बंद केला. म्हणाली, बाबा, बसा.

मराठीत म्हणाली. मी लगेच बसलो.

म्हणाली, इंदरभैया तुमचं नीट बघतो आणि मग त्यातलं काहीच करत नाही. तुम्ही पडता तिथे तो उभा राहतो. तुम्ही ओरडता तिथे तो गप्प. पहिल्या सिनेमापासून तो असंच करून राहिला आहे. सेटवर बघताना काही सुटू नये म्हणून या वेळी शूट करून घेतलं, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

तिचं मराठी चांगलं आहे. थोडं कमी चांगलं असतं तरी चाललं असतं.

२५ फेब्रुवारी
अंगात कणकण. दाढेमुळे असावी.

पेपरमधली जुनी कात्रणं काढून बसलो. संयत, संयत, संयत. मग इतकी वर्षं मी तिथे कोण होतो? रडू आलं. कसं रडतोय ते आरशात बघायला गेलो नाही.

२६ फेब्रुवारी
सकाळी इंद्रजीत घरी आला. खाकी कपडे धुऊन, इस्त्री करून आणले होते. वनमालाने तांदळाचा गरम फरा वाढला. तो खात बसला, मी पेपर उलटा धरून बसलो.

मग म्हणाला, बिलासपूरवाल्यासोबत एक दिवस काम करून पाहिलं भैया. तो म्हणते, तुमच्या मनानं करा. मी उभाच राहिलो. तुम्ही करून दाखवता तवा मले दिसते, माणूस कुठं कुठं खोटा होते. तिथून तिथून मी बाजूला होतो. तुम्हीच नसाल तर मी कशाच्या बाजूला होऊ?

हा अपमान आहे की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी म्हटलं, असं वाईट करून दाखवणारे रायपुरात पुष्कळ मिळतील. तो म्हणाला, नाही मिळत. ते लाजतात, अर्ध्यात सोडतात. तुमच्यासारखं जीव लावून चुकीचं कोणी करत नाही.

गॉगलचं विचारलं. म्हणाला, डोळ्यांत पाणी येते म्हणून. मी विचारलं, हसून? तो फऱ्याचा तुकडा चटणीत फिरवत राहिला. म्हणाला, पहिले हसूनच. मग नाही.

वनमाला म्हणाली, अजून घ्या ना इंदरभाऊ. त्याने घेतला. मी पेपर सरळ केला.

२७ फेब्रुवारी
उरला. क्वार्टर्सच्या बाहेर बुलडोझर येऊन उभा. ड्रायव्हर म्हणाला, जल्दी कर लो भैया. आजच्यापुरतंच मिळणार होतं.

इंद्रजीत दारापाशी आला. गॉगल नव्हता. हळूच म्हणाला, भैया, एकडाव करून दाखवा.

मला सगळं ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. प्रशिक खाली बघत होता. वाटलं, मुद्दाम थोडं बरं करून दाखवावं. मग लक्षात आलं की ते मला येत नाही. आणि आलं असतं तर त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

जीव तोडून केलं. दाराला मिठी मारली, डोकं आपटलं, छाती पिटली. बुलडोझरचा ड्रायव्हर सीटवरून खाली उतरला. मधेच मला माझे आतापर्यंतचे सगळे सीन आठवले आणि मी खरंच हमसून रडलो. नाक शिंकरलं. इंद्रजीत समोर उभा राहून पापणी न लववता बघत होता.

मग त्याने केलं. दार ओढलं. कुलूप लावलं. ओढून पाहिलं. चार पावलं गेला, परत आला, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. घर उद्या पडणार आहे, तरी. मग किल्ली खिशात ठेवली आणि निघून गेला.

मला कट म्हणायचं सुचलं नाही. प्रशिकने आपणच कॅमेरा बंद केला. युनिटमधल्या कोणी माझ्याकडे पाठ केली नव्हती, सगळे उघडपणे डोळे पुसत होते. ड्रायव्हरही.

नंतर प्रशिकने विचारलं, सर, तुमचं जे शूट झालं ते ठेवू का? म्हटलं, ठेव, पुढच्या सिनेमाला बघायला लागेल. पुढच्या सिनेमात इंद्रजीतशी भांडायचं नाही असंही ठरवलं आहे.

घरी येताना सगळा सीन पुन्हा मनात लावून पाहिला. त्याने मिठी मारली नाही, डोकं आपटलं नाही, छाती पिटली नाही, नाकाला तर हातही लावला नाही. मी केलेली एकही गोष्ट त्यात नव्हती. म्हणजे पोट्टा सगळं नीट बघत होता.